फोरव्हीलअप्पा

आमचे साडू शिवप्पा ट्रक घेऊन मुरुमच्या चौकात वळायला लागले की आधी कुत्री उठायची, मग भाजीवाल्या उठायच्या आणि शेवटी मी उठून दुकानाच्या पायरीवर मांडलेली लुगडी आत घ्यायचो. अप्पांचा ट्रक सरळ छान जायचा, पण वळायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. रडत-भेकत, उड्या मारत, टायरं सडकेवर खरडत तो असा काही वळायचा की अख्ख्या बाजाराचे दात शिवशिवायचे. आणि त्या गोंधळात अप्पा खिडकीतून मुंडकं बाहेर काढून, फेट्याचा शेमला सावरत ओरडायचे, "चारी राबत्यात! बघा, चारी राबत्यात!"

चारी म्हणजे ट्रकची चारी चाकं. ते सांगतोच, पण आधी नातं सांगतो, म्हणजे माझे हाल तुम्हाला कळतील. अप्पांची बायको गंगाक्का आणि माझी बायको नीला सख्ख्या बहिणी, जळकोटच्या. अक्का थोरली, म्हणून अप्पा थोरले साडू. मी नीलाला बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी घर दाखवलं, रान दाखवलं, म्हशी दाखवल्या, पण थोरले जावई काही दाखवले नाहीत. दाखवले असते तर मी जरा विचार केला असता.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. सोलापूर-हैदराबाद सडक डांबरी झालेली, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात मोटारीचं वारं. अप्पांनी शेत बटईनं दुसऱ्याला लावलं आणि सोलापूरला जाऊन मिल्ट्रीच्या लिलावातला ट्रक उचलून आणला. हिरवाकंच, चपट्या तोंडाचा, आणि आवाज असा की तो पार तिकडं येणेगुरात सुरू झाला की आम्ही मुरुमात चहा टाकायचो.

या ट्रकला गिअरच्या दांडीशेजारी अजून एक आखूड दांडी होती. मी कापडवाला माणूस, मला कळलं तसं सांगतो. दांडी खाली असली की इंजिन नुसत्या मागच्या चाकांना ओढतं, पुढची चाकं आपली रिकामी फिरतात. दांडी वर केली की पुढचीही चाकं जुंपली जातात आणि चारी ओढायला लागतात. काळ्या रानात, चिखलात, ओढ्यात दांडी वर करायची. बाहेर कोरड्या सडकेवर आलं की खाली. कारण वळताना पुढच्या चाकांना जास्त जायचं असतं, मागच्यांना कमी, आणि चारी एकाच जुवाला जुंपलेली असली की त्यांची आपसांत ओढाताण होते. चिखलात चाकं घसरून घेतात, भागतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग ट्रक असा बोंबलतो.

हे सगळ्या जगाला माहीत होतं. अप्पांची दांडी मात्र बारा महिने वर.

मी एकदा विचारलंसुद्धा. अप्पांनी मला ट्रकात चढवलं आणि समोरच्या तक्त्यावरची पितळी पट्टी दाखवली. तिच्यावर दोन चित्रं होती. डावीकडं साधी सडक आणि दोन चाकांवर खूण. उजवीकडं चिखल आणि चारी चाकांवर खूण.

"ह्यातलं पयलं चित्र कुठलं?" अप्पांनी विचारलं.

मी डावीकडचं दाखवलं.

"झालं! आरं, तुमी-आमी शाळंत शिकलो कशात? उर्दूत. उर्दू कुठनं वाचायची?"

"उजवीकडनं."

"मग? पयलं चित्र चारी चाकांचं. म्हंजे रोजचं ते. दुसरं अडीनडीचं."

"अप्पा, ट्रक इंग्रजांचा आहे."

"पर चालवतंय कोण?" अप्पा म्हणाले. निजामी गेली, पण आमच्या साडूंच्या डोळ्यांतून ती काही निघाली नव्हती.

पुढं पुढं तर त्याचं त्यांनी तत्त्वज्ञानच करून टाकलं. "दोन चाकांनी मरमर मरायचं आन दोघांनी नुसतं हिंडायचं? सवालच पैदा होत न्हाय!" हे 'सवालच पैदा होत न्हाय' म्हणजे अप्पांचा निकाल. त्याच्यावर अपील नाही. हळूहळू ते गावालाही याच मापानं मोजायला लागले. म्हशीच्या चारी सडांतून सारखं दूध आलं पाहिजे म्हणून धारेला स्वतः बसायचे, म्हशीनं लाथ घातली तेव्हा म्हणाले, "बघा, चारी पाय कामाला लागले." माझ्या दुकानात येऊन गादीकडं बघायचे. "चार लोड हायत, टेकताय एकाला. बाकीचे तिघं कशाला पाळल्यात?" मग स्वतः एकेका लोडाला आळीपाळीनं टेकून दाखवायचे. गिऱ्हाईक बिचारं लुगड्याचा पदर हातात धरून बघत राहायचं. एका लग्नात जेवायला बसले आणि पंगतीत चारच वाढपी आहेत, त्यातले दोघं गप्पा मारतायत म्हणून असे काही खवळले की नवरदेव उठून भात वाढायला लागला.

लोकांनी त्यांचं नाव फोरव्हीलअप्पा ठेवलं. अप्पा खूश. मी लाजेनं मेलो, पण मला विचारतो कोण?

आमच्या बाजारात रसूलभाईचं चहाचं हॉटेल होतं. रसूलभाई पलटणीत अशाच ट्रकांवर ड्रायव्हर होता. तो एक दिवस कप विसळता विसळता म्हणाला, "अप्पा, सुक्की सडक पो फोरव्हील नक्को डालो. दांडी जाम हो जाती. जाम हुई तो गाडी जरा पीछू लेव, आपीच छूट जाती."

"पीछू?" अप्पा म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणी मागं गेलं न्हाय, रसूलभाई. सवालच पैदा होत न्हाय."

रसूलभाईनं पुन्हा कप विसळायला घेतले. सगळं हॉटेल हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं अप्पाच हसले.

इथपर्यंत सगळी मजाच होती. पुढचं जे झालं ते मात्र अक्काच्या अंगावर आलं.

अप्पांच्या घरापुढं मोठं अंगण. एका दिवशी तुरीची पोती उतरवायला त्यांनी ट्रक अंगणात घातला. घातला खरा, पण बाहेर कसा काढायचा? अंगणात वळेना. मागं घ्यायची तर घराण्याची रीत नाही. ट्रकचं तोंड जाऊन टेकलं अक्काच्या न्हाणीला. अप्पांनी ट्रकभोवती चकरा मारल्या, नुसताच फेटा सोडला आणि पुन्हा बांधला. सकाळी उठून पहार घेतली.

अक्कानं न्हायला पाणी तापत ठेवलं होतं. ती शिकेकाई आणायला आत गेली आणि परत येऊन बघते तर न्हाणी नाही! चुलवण आहे, चुलवणावर हंडा आहे, हंड्यात पाणी उकळतंय, आणि भोवती भिंत म्हणून नाही. मागची कंपाउंडाची भिंतही गेलेली, आणि त्या खिंडारातून ट्रक हंड्याला वळसा घालून डौलात मागच्या गल्लीत निघालेला. वर अप्पांचा आवाज, "आता सोय झाली! पुढनं आत, मागनं भाईर!"

अक्का शिकेकाईची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. शेजारणी सांगतात, ती ओरडली नाही की रडली नाही. अप्पा घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "ती दांडी खाली करता का न्हाय?"

"सवालच..." अप्पा म्हणाले.

"मग मी जळकोटला चालले. दांडी खाली करा, माझी न्हाणी बांधा, मग न्यायला या. त्याच्या आधी येऊ नका." आणि गाठोडं घेऊन ती मोटारीला गेली. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच. त्यातलं एक गेलं.

अप्पांनी न्हाणी बांधायला घेतली. स्वतःच्या हातानं, गवंडी न लावता. भिंत थोडी झोकांड्या खात होती, पण उभी राहिली. दांडी मात्र वरच. बाजारात कुणी चिडवलं, "काय फोरव्हीलअप्पा, घरात किती चाकं राबत्यात?" की अप्पा हसायचे, पण पहिल्यासारखं उत्तर यायचं नाही. ट्रक घेऊन रोज सकाळी निघायचे. कुठं, विचारलं तर म्हणायचे, "सोलापूरचं भाडं हाय." ट्रकात तर मला कधी माल दिसायचा नाही. टायरं मात्र झिजून गुळगुळीत झाली होती.

इकडं माझ्या घरात नीलानं माझं जगणं मुश्किल केलं. "माझी बहीण तिकडं झुरतीय, दाजी इकडं करपलेलं खातायत, आन तुमी इथं लुगड्याच्या घड्या घाला!" शेवटी एका सकाळी मी दुकान बंद ठेवलं, अंगरखा चढवला आणि जाऊन अप्पांच्या शेजारी बसलो. "चला," म्हटलं, "आज अक्काला घेऊनच यायचं."

अप्पांनी ट्रक सुरू केला.

मुरुमच्या मोडावर, म्हणजे फाट्यावर, आम्ही डांबरी सडकेला लागलो. डावीकडं जळकोटला वळायचं. अप्पांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळून ट्रक वळवला, टायरांनी आरोळी ठोकली, आणि आम्ही सडक ओलांडून पलीकडच्या बाभळीत जाऊन, तिथून फेरा मारून परत सडकेवर आलो. एक बाभळीची फांदी माझ्या मांडीवर. शेळ्या राखणारी एक म्हातारी उभ्या उभ्या शिव्या देत होती.

"अप्पा," मी काटे उपटत म्हणालो, "इथं बाजार नाही, कुणी बघत नाही. आता तरी ती दांडी खाली करा हो!"

त्यांनी आखूड दांडीवर एक थाप मारली. मग म्हणाले, "निघत न्हाय."

"काय निघत नाही?"

"दांडी. ट्रक आणला त्या दिवशी वर केली ती अडकली. सगळं करून बघितलं, साडूभाऊ. दोन्ही पाय तक्त्याला लावून वडली. बजरंगबलीला नारळ फोडला. निघत न्हाय."

"मग ते चारी राबत्यात, चारी राबत्यात?"

"मग काय सांगू? पयल्याच दिवशी बाजार गोळा झाला, टायर का वरडतंय म्हून विचारायला. तोंडातनं निघून गेलं. लोकांला आवडलं." मग हळूच म्हणाले, "मलाबी आवडलं."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी ते दाबलं. "अहो, मग अक्काला तरी सांगायचं ना! ती बिचारी भिंत पडली म्हणून गेली नाही, तुम्ही हट्टाला पेटलात म्हणून गेली."

"तिला कसं सांगू?" अप्पा एकदम कळवळून म्हणाले. "लगीन झाल्यापासनं तिला वाटतंय, ह्या माणसाला समदं येतंय. मोट दुरुस्त करतो, पंचांग बघतो, म्हशीला औषध देतो. तिला एकदा का कळलं की ह्याला सादी एक दांडी काढता येत न्हाय, तर मग माझ्याकडं बघंल का ती?"

मी बायकोच्या बाबतीत असा विचार कधी केला नव्हता. नीलाला मला काय येत नाही ते सगळं पाठ आहे.

"बरं, रसूलभाई म्हणत होता तसं करा. जरा मागं घ्या, सुटेल."

अप्पांनी मान खाली घातली. सडक पुढं धावत होती आणि हा माणूस मान खाली घालून बसलेला! मी ओरडलो तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"मागं घ्यायला येत न्हाय," ते म्हणाले. "लिलावातल्या माणसानं पुढं न्यायला शिकीवलं. मागचं विचारायला लाज वाटली."

आता मात्र माझं हसू फुटलं. मी पोट धरून हसलो, डोळ्यांतून पाणी आलं. अप्पाही हसायला लागले, पण जळकोटची झाडं दिसली आणि थांबले.

सासऱ्यांचं घर सडकेलाच. अप्पांनी लांबूनच हॉर्न धरला. ओट्यावर अक्का सूप घेऊन बसली होती, ती उठून उभी राहिली. घर आलं. आता ब्रेक लागेल, मग लागेल, म्हणून मी खिडकीच्या दांड्याला धरून बसलो. ब्रेक लागला नाही. घर गेलं, गोठा गेला, कडब्याची गंज गेली, आणि पुढं चिंचेपाशी जाऊन ट्रक उभा राहिला.

"अप्पा, घर मागं राहिलं."

"म्हाईत हाय. रोजच ऱ्हातं."

"रोज?"

"रोज येतो. थांबायचं ठरवून येतो. ती दिसली की रेसवरचा पाय उचलत न्हाय. मग नळदुर्गापत्तुर जातो, तिथं माळावर फेरा मारतो, परत येतो. परत येतानाबी तसंच."

म्हणजे सोलापूरचं भाडं ते हे! मी बाहेरच्या आरशात बघितलं. अक्का सडकेवर येऊन उभी होती, डोळ्यांवर हात धरून. थोडा वेळ तिनं वाट बघितली. मग वळली.

"साडूभाऊ," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी ओळखला नाही, "ती आत चालली."

"मग मागं घ्या! काय होईल ते होईल!"

अप्पांनी गिअरची दांडी गदागदा हलवली. ट्रकनं उडी मारली ती पुढंच. परत घातला, परत पुढंच, आता चिंचेला लागणार! मग दात-ओठ खाऊन त्यांनी दांडी कुठल्या तरी कोपऱ्यात कोंबली, डावा हात आधाराला त्या आखूड दांडीवर ठेवला, आणि ट्रक कण्हत कण्हत मागं सरकला. आणि खट्ट! आखूड दांडी लोण्यात बोट शिरावं तशी खाली गेली.

"गेली!" अप्पा किंचाळले. "साडूभाऊ, गेली!" ट्रक एकदम हलका झाला. इतका हलका की स्टेअरिंग हातात गरगर फिरायला लागलं, आणि आम्ही सडकभर नागमोडी करत, कोंबड्या उडवत, उलटे जात जात थेट सासऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत घुसलो. इंजिन बंद पडलं. वरून पेंढ्या कोसळल्या. ओट्यावरून सासरे म्हणाले, "थोरले जावई आलेले दिसतात."

अक्का पेंढ्या बाजूला करत अप्पांच्या खिडकीशी आली. "दांडी?" एवढंच विचारलं.

"खाली हाय. बघ."

तिनं आत वाकून बघितलं. "कुणी काढली?"

"मी," अप्पा म्हणाले. मग फेट्यातला कडबा काढत, खाली बघत म्हणाले, "म्हंजे, निघाली आपली. मला येत नव्हती काढायला. आणल्यापासनं अडकली होती."

"म्हाईत हाय मला."

"आँ?"

"पयल्याच दिवशी अंगणात दोन्ही पाय लावून वडत होता. मी न्हाणीतनं बघितलं. मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. माझी न्हाणी पाडली, पर मला सांगितलं न्हाय." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. मी उगीच कडब्याच्या पेंढ्या मोकळ्या करायला लागलो.

अक्का आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. आईच्या पाया पडली, वडलांच्या पडली आणि माझ्या जागेवर चढून बसली. थोरल्या मेहुणीला सरक कसं म्हणणार? मी मागं हौद्यात जाऊन गाठोड्याला टेकून बसलो. अप्पा काही ट्रक सुरू करेनात. पुढच्या जाळीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या.

"रोज हॉर्न वाजवत जात होता," अक्का म्हणाली.

"तू भाईर यावीस म्हून."

"हॉर्नवर मी यावं व्हय? सडकेवरच्या म्हशीला तोच, मलाबी तोच. मला काय नाव न्हाय?"

आमच्याकडं तेव्हा नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. 'अगं' म्हणायचं, 'ऐकलं का' म्हणायचं, की झालं. इतक्या वर्षांत अप्पांच्या तोंडून अक्काचं नाव मी ऐकलं नव्हतं, तिनं तरी कुठलं ऐकलं असणार. अप्पांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, ओट्यावर सासरे आहेत का ते बघितलं. ते आत गेले होते.

"गंगा," अप्पा म्हणाले. अगदी हळू. मग जरा धीर करून, "गंगा, जेवलीस का गं?"

"न्हाय," अक्का म्हणाली. "रोज तुमच्या वाट्याच्या दोन भाकरी करून ठेवते. तुमचा ट्रक नळदुर्गावरनं परत गेला, की मग जेवते."